दारुमाचा उजवा डोळा

पेण, ४ जुलै १९८८

ही डायरी जनूने कंपनीतून आणलेली. गेल्या सालची आहे, म्हणून वार जुळत नाहीत. तारीख तेवढी खरी धरायची. मी सातवी पास, पण लग्न होऊन सासरच्या गणपतीच्या कारखान्यात बसले तेव्हापासून मूर्तींच्या डोळ्यांखेरीज हाताने काही लिहिलं नाही. आज लिहायला बसले, कारण आज माझ्याकडे जपानचं काम आलं. आलं रोह्याहून, पण माल जपानचा.

जनू, माझा एकुलता एक, रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत फिटर आहे, कंत्राटी. तिथे नवा प्लान्ट उभा राहतोय आणि तो बसवायला होशिनो नावाचा जपानी साहेब आलाय. प्लान्ट चालू झाला की बारा जणांना परमनंट करणार. त्या बारांत जनूचं नाव आहे म्हणतात. चार वर्षं हेच म्हणतात. पोराला सत्ताविसावं लागलं, तिथेच अष्टमी गावात भाड्याच्या खोलीत दोघांबरोबर राहतो, आणि मुलीवाले पहिला प्रश्न विचारतात, परमनंट आहे का?

आज भर पावसात आला, रेनकोटाच्या आत काहीतरी पोटाशी धरून. सोडून बघते तर लालभडक बाहुला, मध्यम भोपळ्याएवढा. हात नाहीत, पाय नाहीत, नुसतं तोंड आणि दाढी. पाणी पिऊन पोट फुगलेलं, नाकाचा पापुद्रा सुटलेला. गुंडाळायला एक इंग्रजी पुस्तिका होती, तीही ओली.

"साहेबाच्या खोलीची खिडकी उघडी रायली नि पाऊस आत आला," जनू म्हणाला. "कागदाचाच हाय, आये. तू करशील ना?"

"साहेबाने माझ्यासाठी पाठवला?"

"व्हय. म्हणजे त्याचाच हाय ना तो. साहेब मुंबईला गेलाय, वीस तारखेला येनार. तवर दे. आनि उगाच गावभर दाखवू नको, साहेबाला आवडत नाय."

मोठ्या माणसांच्या तऱ्हा. पण पेणच्या कारागिरांचं नाव त्याच्या कानावर गेलं असणार, आणि जनूने अभिमानाने सांगितलं असणार, माझी आई गणपतींच्या डोळ्यांची आखणी करते. मला तर आज चहासुद्धा गोड लागला.

६ जुलै

गोविंदा भावोजी म्हणजे माझे दीर. कारखाना आता तेच बघतात. मला म्हणाले, "वैनी, सीझन तोंडावर आलाय नि तुम्ही बाहुल्या काय खेळताय?" मी म्हटलं, तुमच्या बाराशे गणपतींचे चोवीसशे डोळे कोण आखतं ते एकदा बाहेर पाटीवर लिहा, मग बाहुला खाली ठेवते.  पाटीवर भावाभावांचीच नावं आहेत. माझे मालक महिपती जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्यांचं नाव आहे. माझं नाही, आणि मागायला मी गेलेही नाही.

पोट हळूच कापून उघडलं. आत जपानी वर्तमानपत्राचे थर, एकावर एक. करणाऱ्याचं बोट एके ठिकाणी उमटून राहिलंय. लगदा अगदी आमच्या कागदी गणपतींसारखा कुटलेला. मला फार बरं वाटलं. कोण कुठला माणूस, त्यानेही माझ्यासारखीच सकाळभर कागद भिजवून कुटला असेल.

बुडाला वजन घातलंय. टपली मारली की आडवा होतो आणि पुन्हा उठून बसतो. रंभा आमच्याकडे अंगाचा रंग लावते, तिने दहा वेळा पाडून बघितला. "गो गिरजे, ह्याला दत्तक घे. कितीबी बोल, उठून बसनार."

९ जुलै

पावसाने हवा ओलीचिंब, लगदा वाळता वाळेना. शेगडीच्या उबेला ठेवला. आज नीट वाळला. लाल रंग जुळवायला तीन वाट्या फुकट गेल्या, पण जुळला.

मग चेहऱ्याकडे वळले. त्याचा डावा डोळा काढलेला आहे, काळा ठिपका, आणि उजवा कोरा. नुसता पांढरा गोल. पाण्याने गेला असेल, नाहीतर करणाऱ्याच्या हातून राहिला असेल. मला कसंतरीच झालं. आमच्या कारखान्यातून डोळा न आखता मूर्ती कधी बाहेर गेली नाही. रंग कमी पडला, सोंडेला पोपडा आला, गिऱ्हाइकाने घाई केली तरी नाही.

मालकांचा आणखी एक दंडक होता. एकदा उघडलेला डोळा झाकायचा नाही. बाकीच्या कारखान्यांत आखणी चुकली की पांढरा फिरवून पुन्हा काढतात. मालक म्हणायचे, बघायला लागलेल्याचे डोळे बुजवायचे नाहीत, चुकला तर आख्खी मूर्ती भिजत घाला. पंचवीस वर्षांत मी सहा मूर्ती भिजत घातल्या. सहाही आठवतात.

दुपारी उजेड बरा होता. श्वास धरून उजवा डोळा आखला. आधी पापणीचा बाक, मग बाहुली, कोपऱ्याला लालीची एक रेघ, आणि शेवटी पांढरा कण. स्वतःची स्तुती करू नये, पण असा डोळा माझ्या हातून वर्षातून एखादाच होतो. तो माझ्याकडे बघायला लागला तशी मी हात जोडले. रंभा हसली. हसू दे.

१२ जुलै

शेजारच्या कमळाकर मास्तरांना पुस्तिका वाळवून दिली. त्यांनी हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता ऐकायला कोणी नसतं, त्यामुळे ते खूश. रोज दोन पानं वाचून मराठीत सांगायचं ठरलं. मी समोर बसून मुंजीतल्या मुलासारखी ऐकते.

साहेबाच्या गावाचं नाव ताकासाकी. डोंगर संपून सपाटी सुरू होते तिथे वसलेलं, आपल्या पेणसारखं. पूर्वीचं नाव वाडा. मी म्हटलं, पेणजवळच वाडा नाही का? मास्तर म्हणाले, "गिरजाबाई, तो वाडा वेगळा, मधे बोलू नका." एका सरदाराने तिथे किल्ला बांधला आणि गावाला पाइन झाडावरून नाव द्यायचं म्हणाला. तर एक भिक्षू म्हणाला, झाड कितीही मोठं झालं तरी एक दिवस वाळतं, उंचीचं नाव दे. म्हणून ताकासाकी. ताका म्हणजे उंच.

तिथल्या डोंगरावर करुणेच्या देवीची पांढरी मूर्ती आहे, बेचाळीस मीटर. मी विचारलं, डोळे कोणी आखले? पुस्तिकेत नाही म्हणे. सगळ्या गावांचं हे असंच असतं.

१३ जुलै

आजचं वाचन मला रडवून गेलं. दोनशे वर्षांपूर्वी तिथला डोंगर फुटला, राख पडली, दुष्काळ आला. शेतं गेली. तिथल्या देवळातल्या भिक्षूने लाकडाचा साचा केला आणि गावातल्या शेतकऱ्याला त्यावर कागद चढवून दारुमा करायला शिकवलं. दारुमा हे आपल्या बाहुल्याचं नाव. मग शेतीचं काम नसेल तेव्हा घरोघर हाच उद्योग. हिवाळ्यात डोंगरावरून कोरडा वारा सुटतो, त्यात बाहुले खडखडीत वाळतात. त्या वाऱ्याचा मला हेवा वाटला. इथे जुलैत माझं लुगडं वाळत नाही.

तिकडे रेशमाचे किडे पाळतात. किडा कात टाकून उठतो, तसा दारुमा पडून उठतो, म्हणून रेशीमवाल्यांना तो प्यारा. आणि मूळ दारुमा आपल्याकडचाच, दक्षिणेतला साधू. भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षं बसला, हातपाय गळून गेले. मास्तर म्हणाले, "अहो, घरचाच माणूस तुमच्याकडे दुरुस्तीला आलाय."

१४ जुलै

आज शेवटचं पान. मास्तर वाचता वाचता थांबले. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

दारुमाचे दोन्ही डोळे मुद्दाम कोरे ठेवतात. ज्याचा असेल तो मनात एक इच्छा धरून डावा डोळा रंगवतो. इच्छा पुरी झाली की मगच उजवा. तोवर एका डोळ्याने तो वाट बघत बसतो, मालकाला रोज आठवण देत. वर्षअखेरीला देवळात नेऊन, आभार मानून, जाळतात.

"तुम्ही उजवा काढलात?" मास्तरांनी विचारलं.

मी पुस्तिका उचलून निघाले. घरी येऊन दारुमासमोर बसले. तो दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता, आणि माझाच डोळा जास्त टवटवीत होता.

१५ जुलै

सकाळपासून वीस मूर्ती समोर आल्या, आठच आखल्या. डोक्यात तेच. पांढरा रंग वाटीत आहे, कुंचला हातात आहे, एक फटकारा मारला की साहेबाचा दारुमा होता तसा होईल. कोणाला कळणारही नाही. आणि मी तो मारू शकत नाही.

भिजत घालावा, तर वस्तू माझी नाही. तसाच द्यावा, तर साहेबाची इच्छा अपुरी असताना पुरी झाली असं खोटं सांगितल्यासारखं. तो चिडला तर कोणावर चिडेल? जनूवर. म्हणेल, ह्याच्या आईला काम दिलं आणि तिने वाटोळं केलं. बारांतलं एक नाव खोडायला किती वेळ लागतो? कुठूनही वळले तरी कपाळ भिंतीलाच लागतंय. एकदा वाटलं ह्या बाहुल्याला आणि त्याच्या गावाला आग लागो. मग दुष्काळातले ते शेतकरी आठवले आणि लाज वाटली.

१७ जुलै

जनू सुट्टीला आला. बाहुल्याचे दोन्ही डोळे बघून पायरीवरच थांबला.

"आये, काय केलंस गो तू हे!"

त्याला सगळं माहीत होतं. प्लान्टची पूजा झाली त्या दिवशी साहेबाने सगळ्यांसमोर डावा डोळा भरला होता. प्लान्ट चालू होऊन घरी जाईन तेव्हा दुसरा भरीन, म्हणाला होता. त्याचं जाणं दोनदा पुढे ढकललंय, त्याची आई म्हातारी आहे, तिकडे जपानात आहे. म्हणजे साहेबाची इच्छा आणि माझी एकच निघाली. प्लान्ट चालू झाला की तो सुटणार आणि माझा जनू परमनंट होणार.

"मग आणलास तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं पोट तेवढं करशील. झाक आता. पांढरा मार."

"झाकणार नाही."

"बाहुली हाय ती, आये! बाजारात मिळते तसली!"

"मग बाजारातून आण."

असं मी कधी त्याच्याशी बोलले नव्हते. मी म्हटलं, साहेब विश्वासाने माझ्याकडे पाठवतो, तर मीच येते आणि त्याला समजावते, तो त्याच गावचा आहे, त्याला कळेल. तर जनू घाईने उठला. नको म्हणाला. कंपनीच्या गेस्ट हाउसवर बाईमाणसाला सोडत नाय म्हणाला. मी बघतो, मी वीसला सकाळी येऊन नेतो म्हणाला. हातात हात घेऊन सांगत होता, येऊ नको.

त्याला माझी लाज वाटत असेल. नऊवारीतली आई, बोटांना रंग. बाप गेल्यावर त्याला ह्याच बोटांनी वाढवलं, हे तो विसरला नसेल, पण साहेबासमोर नको असेल. जेवताना विषय बदलून तो साहेबाच्या खोलीतल्या रंगीत टीव्हीच्या गोष्टी सांगत बसला. साहेब नसला की रविवारी सकाळी सगळी पोरं तिथेच असतात म्हणे, किल्ली जनूकडे. इतका विश्वास आहे त्याच्यावर. आणि असल्या साहेबाला मी फसवायचं?

२१ जुलै

काल काय झालं ते आज लिहिते. काल हात चालला नसता.

जनू यायच्या आत पहिल्या एस.टी.ने निघाले. दारुमा मांडीवर, फडक्यात. कासूला गाडी रिकामी झाली, नागोठण्याला पुन्हा भरली. वाक्यं जुळवत होते. रोह्याला उतरून विचारत विचारत गेस्ट हाउस गाठलं.

फाटकाशी एक म्हातारा उकिडवा बसला होता, तिथला वॉचमन. अंगावर खाकी शर्ट, पण पट्टा आणि टोपी काढून घेतलेली. नाव पांडू, आदिवासी वाडीवरचा. मी म्हटलं साहेबांना भेटायचंय. त्याने फडक्यातलं लाल बघितलं आणि उठून फाटक उघडलं.

होशिनो साहेब बारीक, केस पिकलेले, पायात सपाता. समोर कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर कागद पसरून बसलेले. मी फडकं सोडलं. साहेब खुर्चीतून अर्धा उठला आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोलला.

"हे तुम्हाला कुठे मिळालं?" ऑफिसरांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. कुठे मिळालं म्हणजे? मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तेच पुढे म्हणाले, "साहेब काल लवकर परत आले, तर ही वस्तू खोलीत नाही. कालपासून शोधतोय. तो बाहेर बसलाय ना, त्याची आज पोलिसात तक्रार देणार होतो. ही वाडीवरची माणसं..."

त्या एका मिनिटात मला सगळं कळलं. खिडकी कोणाकडून उघडी राहिली, टीव्ही बघताना कोणाचा धक्का लागला, गावभर दाखवू नको का, येऊ नको का. साहेबाने माझ्याकडे काही पाठवलं नव्हतं. साहेबाला माझं नावही ठाऊक नव्हतं.

खरं सांगितलं तर जनू गेला. गप्प राहिले तर म्हातारा गेला.

"मी नेला," मी म्हटलं. "जनू फिटरची आई मी. पेणला कारखान्यात असते. मुलाला भेटायला आले होते, तो किल्ली घेऊन पाणी भरायला इथे आला, मी मागून आले. भिजलेला दिसला, कागदाचं काम आमचं, राहवलं नाही. पिशवीत घातला. जनूला ठाऊक नाही."

 ऑफिसरांनी ते इंग्रजीत साहेबाला सांगितलं. साहेबाने दारुमा हातात घेतला. पोटाचा जोड शोधायला अंगठा फिरवला, सापडला नाही. नाक बघितलं. मग तो डोळा, बराच वेळ. माझ्या बोटांकडे बघितलं आणि मान लववली. काहीतरी म्हणाला.

"साहेब म्हणतात, त्यांच्या गावातसुद्धा असा डोळा काढणारा त्यांनी पाहिला नाही," ऑफिसर म्हणाले. "रागावलेले नाहीत. पण अजून वेळ आलेली नाही. तुम्हीच झाकून द्या म्हणतात, तुमचा हात चांगला आहे."

मी म्हटलं रंग आणला नाही. तेवढ्यावर सुटेन असं वाटलं. तर ऑफिसरांनी बॅगेतून टाइपिंगच्या चुका झाकायची पांढरी बाटली काढली. झाकणालाच एवढासा ब्रश.

"ह्याने चालेल की. दोन मिनिटांचं काम. मग मीही हे प्रकरण मिटवतो. मुलाचं नाव यादीत आहे ना तुमच्या?"

साहेब प्रेमाने हसत होता. त्याने माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली, उजेडाकडे. मी बसले. आधी पांढरा कण गेला, तो पांढऱ्यात पांढरा, कळलाही नाही. मग बाहुली. रंगाच्या एका हाताने जाईना, खालून काळं दिसत होतं, म्हणून दुसरा हात मारला. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. ऑफिसर म्हणाले, हो, उग्र असतो वास.

निघताना ऑफिसरांनी बजावलं की पुन्हा कंपनीच्या जागेत दिसायचं नाही. पांडूला त्याचा पट्टा परत मिळाला होता, तो बांधत होता. मी त्याच्यासमोर थांबले.

"बाय," तोच हळू आवाजात म्हणाला, "मी बघितला व्हता पोराला नेताना. बोल्लो नाय. पोरगा रोज च्या आनून देतो मला."

मी तिथे फाटकापाशी रडले. एस.टी. स्टँडवर जनू आला, धापा टाकत. कोणीतरी सांगितलं असणार. माझे पाय धरायला वाकला, मी धरू दिले नाहीत. "मिटलं ना पण, आये?" म्हणाला. मिटलं म्हटलं.

२६ जुलै

आखणीला बसले. डावा डोळा झाला. उजव्याला हात टेकवला की पुढे सरकत नाही. चार मूर्ती अशाच एकडोळ्या ठेवून उठले. ज्या हाताने उघडा डोळा झाकला, त्या हाताने देवाचा डोळा कसा उघडू? मालक असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे, आणि ते नाहीत याचं आज पहिल्यांदा बरं वाटलं. भावोजींना कारण सांगता येत नाही. सांगितलं तर ते चारचौघांत बोलणार, आणि रोह्याला पोचायला दोन तास लागतात.

३१ जुलै

रंभेला शिकवते आहे. तिचा हात जड आहे. डोळे मोठे होतात, देव दचकल्यासारखे दिसतात. भावोजी मूर्ती फिरवून फिरवून बघतात आणि माझ्याकडे बघतात.

३ सप्टेंबर

जनूचं पत्र. परवा प्लान्ट चालू झाला. साहेबाने सगळ्यांसमोर दारुमाचा उजवा डोळा भरला, टाळ्या झाल्या. लिहितो, 'साहेबाने नुसता काळा गोळा काढला, वाकडातिकडा. तू बघितला असतास तर हसली असतीस.' साहेब पुढच्या आठवड्यात घरी चाललाय. खाली दोनदा रेघ मारून लिहिलंय, बारा जणांची यादी लागली, त्यात तो सातवा आहे.

कारखान्यात पेढे वाटले. सगळ्यांना मनापासून आनंद झाला, मलाही झाला, खोटं कशाला लिहू. भावोजी दोन पेढे एकदम तोंडात टाकून म्हणाले, "आता डोक्याचा ताप गेला ना, वैनी? गणपती दहा दिवसांवर आलेत. उद्यापासून बसा आखणीला."

मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर वाढलाय, भावोजी. आता जमायचं नाही."

ते म्हणाले, नवा चष्मा करून आणू.